गाठीची चिपा आणि त्रेचाळीस पानं

एपिफानियो रोलोन मास्तरांच्या हातून आयुष्यात फारसं काही बिघडलं नव्हतं, कारण फारसं काही त्यांच्या हातात कुणी दिलंच नव्हतं. सव्वीस वर्षं ते सान होनोरातोच्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते, आणि इतिहास बिघडायचा तेवढा आधीच बिघडलेला असतो. त्यामुळे संगणकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्याऐवजी राजधानीत, असुन्सिओनला, तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा मास्तर निर्धास्त होते. शिक्षकांच्या खोलीत तेरेरे चालला होता. गार पाण्यातल्या त्या कडू पाल्याचा पेला आमच्याकडे एकच असतो. तो धातूच्या नळीसकट हातोहात फिरतो आणि संपवल्याशिवाय पुढे देता येत नाही. मुख्याध्यापिका दोन्या पेत्रोनिलांनी एकेकाला विचारलं. एकाची आई आजारी होती, एकाची गाय विणार होती. मास्तरांची पाळी आली तेव्हा नळी नेमकी त्यांच्या तोंडात होती.

"मास्तरांची काही हरकत दिसत नाही," असं म्हणून दोन्या पेत्रोनिलांनी नाव लिहून टाकलं.

प्रशिक्षणाचा विषय होता, इंटरनेटवर माहिती कशी शोधावी आणि सापडलेल्या माहितीची पारख कशी करावी. मास्तर गेले ते कपाळाला आठ्या घालून, आणि परत आले ते धर्मांतर झाल्यासारखे. प्रमाणपत्र त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बसवून फ्रिजच्या वर टांगलं. बायको ब्लासिदा म्हणाली की तिथे फोडणीचा धूर लागेल. मास्तर म्हणाले, ज्ञानाला धूर लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीच्या वर्गात एक मोठा कागद चिकटवला. त्यावर पाच प्रश्न होते: कोण म्हणतं? कधी म्हणालं? त्याला कसं कळलं? असं म्हणण्यात त्याचा फायदा काय? आणि दुसरं कोण तसं म्हणतं?

"जगात कुणीही काहीही सांगितलं," मास्तर हात उंचावून म्हणाले, "तरी हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही!"

शिक्षकाने 'कुणीही' म्हणताना जरा जपावं. मुलं घरी गेली, आणि आठवड्याभरात गावाची झोप उडाली. औषधाच्या दुकानात एका पोराने खोकल्याचं औषध हातात धरून दुकानदाराला विचारलं की हे उत्तम आहे असं म्हणण्यात तुमचा फायदा काय. पाद्रीबाबांना कुणीतरी संत होनोरातोच्या चमत्काराबद्दल 'दुसरं कोण म्हणतं?' असं विचारलं आणि ते प्रार्थना अर्धवट सोडून निघून गेले. टायर दुरुस्तीवाला तर थेट शाळेत आला.

"मुलीनं मला विचारलं, पपा, शनिवारी कुठं होतात? मी सांगितलं, भावाकडं. तर म्हणते, दुसरं कोण तसं म्हणतं?"

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मग काय मग? भावाला विचारलं ना तिनं!" तो म्हणाला. "मास्तर, पोरांना गणित शिकवा. गणितानं कुणाचा संसार मोडत नाही."

दुसरी अडचण सरकारी होती. इंटरनेटवर शोध घ्यायला इंटरनेट लागतं, आणि शाळेचं इंटरनेट दोन्या पेत्रोनिलांच्या कपाटामागच्या डबीत होतं. ते तिथून निघून खिडकीतून बाहेर पडायचं आणि जेमतेम अंगणातल्या आंब्याच्या झाडापर्यंत पोहोचायचं. तेव्हा नववीचा वर्ग आंब्याखाली भरू लागला. पण परवलीचा शब्द दोन्या पेत्रोनिलांनाही ठाऊक नव्हता. तो शिक्षण खात्याच्या पर्यवेक्षकांच्या कार्यालयात होता. मास्तरांनी तीन प्रतींत अर्ज केला, शिक्के मारले, बसने तालुक्याला जाऊन स्वतः दिला. अठरा दिवसांनी उत्तर आलं की इंटरनेटच्या परवलीच्या शब्दासाठीचे अर्ज फक्त इंटरनेटवरूनच स्वीकारले जातात. शेवटी लिदुविना नावाच्या मुलीने डबी उलटी करून पाहिली. शब्द खाली चिकटवलेला होता.

ही लिदुविना पंधरा वर्षांची, बस कंडक्टरची मुलगी. बापाने आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली होती आणि तो गुण पोरीत जसाच्या तसा उतरला होता. मास्तर तिला वर्गाचं भूषण म्हणत. पुढे पुढे हे ते जरा कमी वेळा म्हणू लागले.

एवढ्यात शेजारच्या पासो तुनाची बातमी आली. आमच्या देशात संसद कायदा करून गावाला कशाची ना कशाची राजधानी ठरवते. आजूबाजूच्या गावांनी कलिंगड घेतलं, झोपाळे घेतले, एकाने तर हौसेने भोपळा घेतला. सान होनोरातो मात्र वर्षानुवर्षं कशाचीच राजधानी नव्हतं. उरली होती गाठीची चिपा. चिपा देशभर होते. कंदाचं पीठ, चीज, अंडी, चरबी आणि बडीशेप मळून कड्यासारखी वळायची नि भट्टीत भाजायची. पण कड्याची दोन टोकं एकमेकांत अडकवून गाठ मारलेली चिपा फक्त आमच्या हमरस्त्यावर मिळते, आणि ती आमचीच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. अकरा किलोमीटरवरच्या पासो तुनातलं शेंबडं पोर नेमकं उलट सांगतं. आता पासो तुनाने 'गाठीच्या चिपाची राजधानी' होण्यासाठी संसदेकडे अर्ज केला होता.

सगळ्या गावाला राग आला, पण एका घरात तो राग जेवायला बसला. मास्तरांच्या सासूबाई, न्या देओलिंदा (वयस्क बाईला आमच्याकडे मानाने 'न्या' म्हणतात), चौऱ्याऐंशी वर्षांच्या. साठ वर्षं त्यांनी डोक्यावर टोपली घेऊन बसच्या खिडक्यांशी चिपा विकली होती. त्यांची आई क्रिस्पिना हिनेच पहिली गाठ मारली, बिशपसाहेब गावात आले तेव्हा त्यांच्या थरथरत्या हाताला धरायला सोपं जावं म्हणून, हे त्या ऐकेल त्याला आणि न ऐकेल त्यालाही सांगत. क्रिस्पिनाचा फोटो नव्हता, थडग्यावरचा लाकडी क्रूस कुजून गेला होता. तिचं नाव कुठे म्हणून कुठे लिहिलेलं नव्हतं.

"मी मरायच्या आत आईचं नाव कागदावर बघायचंय मला," सासूबाई म्हणाल्या. "वाचता येत नसलं म्हणून काय झालं? बघता येतं. घरात इतिहासाचा मास्तर पोसलाय तो कशाला?"

हे 'पोसलाय' मास्तरांना लागलं. घर त्यांच्या पगारावर चालत होतं. पण घर सासूबाईंच्या जागेत होतं.

दोन्या पेत्रोनिलांनी मग एका दगडात तीन पक्षी मारायचं ठरवलं. संत होनोरातोच्या उत्सवात नववीचा वर्ग पाहुण्यांसमोर आपलं संशोधन मांडेल. विषय, गाठीच्या चिपाचा उगम. पर्यवेक्षक बाई नवी अध्यापनपद्धती पाहतील, महापौर पुरावे घेऊन संसदेत फाइल पाठवतील, आणि शाळेला अनुदान मिळालं तर इंटरनेट आंब्याच्या पुढेही जाईल.

मुलांनी आधी घरचा साक्षीदार गाठला. लिदुविना वही घेऊन न्या देओलिंदांच्या अंगणात बसली.

"आजी, कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आईच्या पोटी जन्म घेतला तेव्हा कळलं."

"असं म्हणण्यात तुमचा फायदा काय?"

न्या देओलिंदा हातातला भट्टीचा खराटा घेऊन उठल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या कुंपणापर्यंत धावल्या, असं शेजारच्या काराई वेन्सेस्लाओंनी डोळ्यांनी पाहिलं. हे काराई, म्हणजे आमच्याकडचे 'राव', निवृत्त न्यायाधीश, गावातल्या गाईगुरांच्या भांडणांचे. लिदुविनाने कुंपणापलीकडून वहीत लिहिलं: 'साक्षीदार संबंधित. दुजोरा नाही. स्वभाव उग्र.'

मग वर्ग आंब्याखाली बसून शोधू लागला. तासाभरात लिदुविना मास्तरांकडे आली.

"प्रोफे, गाठीच्या चिपाबद्दल त्रेचाळीस पानं सापडली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पासो तुना म्हणतात."

"सान होनोरातो एकही नाही?"

"एक आहे. त्यात लिहिलंय, सान होनोरातोवरून पुढे अकरा किलोमीटर गेलं की पासो तुना लागतं."

मास्तर हसले. त्रेचाळीस माणसांनी एकच खोटं सांगितलं तरी ते एकच असतं, असं ते मुलांना नुकतंच शिकवून बसले होते. "वाच बघू काय म्हणतात ते."

लिदुविनाने वाचलं. सन १९२८ मध्ये पासो तुनाच्या एस्कोलास्तिका नावाच्या तरुणीचा प्रियकर फौजेत निघाला. तिने शिदोरीला चिपा केली आणि त्याला आपली आठवण राहावी म्हणून कड्याला गाठ मारली. "आणि पुढे लिहिलंय, प्रोफे: 'ती गाठ पिठाची नव्हती, काळजाची होती; आणि भट्टीत भाजली गेली ती चिपा नव्हे, एक अबोल शपथ होती.'"

पोरं फिदीफिदी हसली. मास्तर हसले नाहीत. ते आंब्याच्या खोडाला टेकले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. माणूस आपली सही विसरेल, आपला रक्तगट विसरेल, पण बाविसाव्या वर्षी लिहिलेलं असलं वाक्य विसरत नाही.

प्रकार असा होता. १९९२ साली पासो तुनाने गावाच्या शताब्दीची स्मरणिका काढली होती. महोत्सवाची राणी झाली होती सुनिल्दा. मास्तर तेव्हा बारीक होते, केसाळ होते आणि सुनिल्दासाठी रोज अकरा किलोमीटर सायकल मारत. स्मरणिकेला चार पानं कमी पडत होती. सुनिल्दा म्हणाली, तुम्ही इतिहास शिकताय ना, आमच्या पणजीबद्दल काहीतरी छान लिहा की. पणजीबद्दल एवढीच माहिती होती की ती होती. बाकीचं मास्तरांनी एका बैठकीत लिहिलं. पुढे सुनिल्दाचं लग्न झालं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका विक्रेत्याशी. चार वर्षांनी मास्तरांचं ब्लासिदाशी झालं, आणि लग्नाच्या जेवणात न्या देओलिंदांनी बिशपची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मास्तरांना ठसका लागला होता. पण स्मरणिका कोण वाचतं? ज्यांचे फोटो असतात ते, आणि तेही आपल्या फोटोपुरतं. मास्तर ते प्रकरण विसरले होते, असं म्हणणं बरोबर नाही. ते मुद्दाम आठवत बसत नव्हते, इतकंच.

"आता मूळ शोधूया," लिदुविना म्हणाली. "तुम्ही सांगितलंय ना, कुणी कुणाचं उतरवलं ते मागं मागं जात बघायचं."

"हो, पण... फार मागे जायचं नसतं," मास्तर म्हणाले. "एका मर्यादेनंतर इतिहास अंधुक होतो."

"१९२८च्याही मागं?"

"नाही, नाही. त्याच्या जरा अलीकडे."

पोरं मागे मागे गेली. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस पानांनी एका पर्यटनाच्या पानावरून उतरवलं होतं. एका महाभागाने तर 'काळीज' काढून 'हृदय' घातलं होतं. तशाही मनःस्थितीत मास्तरांना त्याचा राग आला. पर्यटनाच्या पानाने एका रेडिओ केंद्राचा हवाला दिला होता. रेडिओ केंद्राने 'पासो तुनाची स्मरणिका, १९९२' असं म्हटलं होतं. स्मरणिका इंटरनेटवर नव्हती. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या दिवशी मुलांना अर्धा तास लवकर सोडलं. लिदुविनाची मावशी पासो तुनात राहते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस मास्तरांना अन्न गोड लागलं नाही. एका सकाळी ते काराई वेन्सेस्लाओंच्या फाटकाशी रेंगाळले.

"काराई, समजा एखाद्या माणसानं तरुणपणी काहीतरी लिहिलं. खोटं. आणि आता ते निघालं."

"कर्जाचा कागद?"

"नाही. गोष्ट. चिपाबद्दल."

काराईंनी शांतपणे तेरेरे संपवला. "सही आहे?"

"असावी."

"मग 'तो एपिफानियो रोलोन दुसरा' म्हणायचं. माझ्यासमोर एकदा एक गाय होती, डागणीसकट. मालक म्हणाला, ही डागणी माझीच, पण गाय दुसरी. सोडला मी त्याला. माणसानं ठाम असावं, मास्तर. खरं-खोटं नंतर."

मास्तर म्हणाले की ते स्वतःबद्दल बोलत नव्हते. काराई म्हणाले की तेही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी लिदुविना घरी आली. मास्तर एकटेच होते. तिने फोनवर स्मरणिकेच्या पानाचा फोटो दाखवला.

"नाव पुसट आहे का गं?" मास्तरांनी विचारलं.

"ठळक आहे, प्रोफे. आणि खाली फोटो आहे. केस आहेत, पण तुम्हीच आहात."

मास्तरांनी पाहिलं. केस खरोखरच होते.

"आई म्हणते, 'लेखक अज्ञात' असं लिही. म्हणते, वर्षाच्या शेवटी गुण त्यांच्याच हातात आहेत." लिदुविना फोनकडे बघत बोलत होती, आणि तिचा आवाज आज कंडक्टरच्या मुलीसारखा नव्हता. "माझ्याजवळच आहे हे. बाकीच्यांनी पाहिलं नाही. मी काय करू, प्रोफे?"

मास्तरांना तिचा राग येईना, स्वतःचा येत होता. 'अज्ञात' हा शब्द त्यांना आयुष्यात कधी इतका सुंदर वाटला नव्हता. त्यांनी तो मनातल्या मनात दोनदा म्हटला. पण ही पोर आयुष्यभर लक्षात ठेवील ते आपले पाच प्रश्न नव्हे, तर आपलं आजचं उत्तर, हेही त्यांना कळत होतं. मास्तर असण्याचा हा तोटा आहे.

"जे सापडलं ते मांड," ते म्हणाले. आणि ती फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी संत होनोरातोला नवस बोलला की उद्या वीज जाऊ दे. आमच्याकडे डिसेंबरात दिवसातून तीनदा वीज जाते. नवस काही अवघड नव्हता.

वीज गेली नाही. चर्चच्या मागच्या सभागृहात पंखे फिरत होते, पडद्यावर चित्र लख्ख होतं. पुढच्या रांगेत महापौर, पर्यवेक्षक बाई, दोन्या पेत्रोनिला, आणि काळा पोशाख घालून न्या देओलिंदा. शेजारी ब्लासिदा. मागे सगळं गाव, शिवाय पासो तुनाची चार माणसं 'सहज' आलेली.

लिदुविनाने त्रेचाळीस पानं दाखवली, तशी पासो तुनावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पानं एकमेकांवरून उतरवली आहेत हे दाखवलं, तेव्हा टाळ्यांची बाजू बदलली. मग पडद्यावर स्मरणिका आली, आणि एक केसाळ तरुण सान होनोरातोकडे स्वप्नाळू नजरेने पाहू लागला.

मास्तरांना वाटलं होतं, गोंधळ होईल. झाला नाही. गाव नुसतं पडद्याकडे आणि मास्तरांकडे आळीपाळीने पाहत राहिलं. काराई वेन्सेस्लाओ मागून खणखणीत आवाजात म्हणाले, "तो दुसरा आहे!"

मास्तर उठले. "मीच आहे," ते म्हणाले. ते पुढे जाऊन पडद्याशेजारी उभे राहिले. "विचार, लिदुविना. पुराव्याला विचारायचं असतं ते सगळं विचार."

तिने वही उघडली. "हे कधी लिहिलंत?"

"१९९२च्या ऑक्टोबरात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं. रचलं."

"एस्कोलास्तिका?"

"होती. प्रियकराचं मला ठाऊक नाही. ती अबोल शपथ माझ्या मनची."

"असं म्हणण्यात..." लिदुविना थांबली. पुढच्या रांगेत ब्लासिदाने हातातला पंखा हलवायचा बंद केला होता. "तुमचा फायदा काय होता, प्रोफे?"

"महोत्सवाच्या राणीबरोबर एक नाच," मास्तर म्हणाले. एकोणपन्नासाव्या वर्षी, प्रमाणपत्रधारक माणसाला, पर्यवेक्षकांसमोर हे म्हणावं लागलं. "एकच. तोही अर्धाच झाला. बँडवाले जेवायला गेले."

हशा असा उसळला की पासो तुनाची माणसंसुद्धा त्यात सामील झाली आणि मग आपण कुणाला हसतोय हे लक्षात येऊन थांबली. महापौर उभे राहून म्हणाले की पासो तुनाचा दावा निकालात निघाला, सान होनोरातो चिरायू होवो. पर्यवेक्षक बाई भराभर लिहीत होत्या. पुराव्याने स्वतः चालत येऊन कबुली देण्याचा प्रकार त्यांच्या नोकरीत पहिलाच होता. ब्लासिदाने नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्याचा तपशील घरी मिळणार होता.

न्या देओलिंदा हसल्या नव्हत्या. त्या काठी टेकत उठल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हे खोटं ठरलं. मग माझ्या आईचं नाव कुठल्या पानावर आहे?"

लिदुविनाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली.

"कुठल्याच नाही, आजी. तिच्याबद्दल फक्त तुमचा शब्द आहे. आणि... बिशप तुमच्या लहानपणी गावात आलेच नव्हते. चर्चच्या वहीत बघितलं मी. पाद्रीबाबा सोबत होते."

आता खराटा नव्हता, पण काठी होती. न्या देओलिंदा मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या जावयाकडे बघत होत्या, पडद्याशेजारी लाल कान घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडे.

"या गाढवानं चारचौघांत सांगितलं," त्या शेवटी म्हणाल्या, "मग मी काय झाकून मरू? बिशप नव्हता. मी सात वर्षांची होते. पवित्र आठवड्यातला बुधवार, घरोघरी चिपा करायचा दिवस. बाप सोडून गेला होता, कोंबड्या विकल्या होत्या. घरात अंडी नाहीत. चीज म्हणशील तर मूठभर. पिठाला धरच नव्हता, कड्याची टोकं चिकटेनात. भट्टीत घातली की उघडायची. तीनदा उघडली. आई रडत बसली. माझी आई कधी रडायची नाही, त्या दिवशी रडली. मग तिनं टोकं एकमेकांत अडकवली, नुसती उघडू नयेत म्हणून. आणि मला म्हणाली, देओ, कुणी विचारलं तर सांग, नवीन तऱ्हा आहे. अंडी नव्हती म्हणून सांगू नकोस."

पंखे फिरत होते. न्या देओलिंदांनी पदराने म्हणावं तसं, खांद्यावरच्या काळ्या शालीच्या टोकाने तोंड पुसलं.

"सत्त्याहत्तर वर्षं नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "लाज वाटायची. बिशप बरा दिसायचा."

लिदुविना वहीत भराभर लिहीत होती. मग तिने मागचं पान उलटलं, 'साक्षीदार संबंधित' असं लिहिलेलं, आणि त्यावर रेघ मारली.

"प्रोफे," ती म्हणाली, "यात आजींचा फायदा काहीच नाही. उलट तोटाच आहे. हे धरायचं ना?"

गेले आठ दिवस मास्तरांना स्वतःच्या अब्रूची काळजी लागली होती. पिठाच्या एका गोळ्यापुढे रडत बसलेली बाई एकदाही त्यांच्या मनात आली नव्हती. त्यांनी मान हलवली. "धर," ते म्हणाले. "त्या त्रेचाळीस पानांसमोर एवढं एकच धरण्यासारखं आहे."

इंटरनेट तेवढ्यापुरतं पाद्रीबाबांच्या फोनवरून घेण्यात आलं. लिदुविनाने सगळ्यांसमोर शाळेच्या पानावर लिहिलं: गाठीची चिपा, सान होनोरातो, १९४२, क्रिस्पिना बेनितेस, सांगणारी, मुलगी देओलिंदा, प्रत्यक्ष साक्षीदार. पडद्यावर अक्षरं हातभर मोठी दिसत होती. महापौर हळूच म्हणाले की अंड्यांचं गाळता येईल का, संसदेत बरं दिसणार नाही. पर्यवेक्षक बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो विषय सोडला.

न्या देओलिंदा पडद्याजवळ गेल्या. "आई कुठली?" त्यांनी विचारलं. लिदुविनाने बोट ठेवलं. म्हातारीने त्या शब्दावरून हात फिरवला. अक्षरं तिच्या हातावर आली, पुन्हा पडद्यावर गेली. ती तिथे बराच वेळ उभी होती आणि कुणी तिला बस म्हणालं नाही.

मग तिने विचारलं, "आता आईचं नाव किती पानांवर आहे?"

"एका, आजी."

"आणि त्या एस्कोलास्तिकेचं?"

"त्रेचाळीस."

न्या देओलिंदा जावयाकडे वळल्या. मास्तर तोवर जरा सावरून, घाम पुसत, कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकले होते.

"मग बसलास काय?" त्या म्हणाल्या. "लिही."